टक्क्यांचं सोडा, दरवाजा कुठंय ते बघा

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला एका मैत्रिणीने १६ पानांची पीडीएफ पाठवली. ती गाते, चांगली गाते, दोन-तीन वर्षांत तिचे व्हिडिओ बऱ्यापैकी चालायला लागलेत आणि आता एक मॅनेजमेंट कंपनी तिच्या मागे लागलेली. खाली मेसेज, "उद्या सही करायचीय, जरा बघ ना, २० टक्के जास्त नाहीत ना?" अख्ख्या करारात तिने एकच ओळ पिवळी केलेली, कमिशनची. मी वाचत वाचत नवव्या पानावर पोचलो तर तिथे होतं की करार ५ वर्षांचा, आणि संपायच्या ९० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर आपोआप अजून ५ वर्षं. अकराव्या पानावर, सगळं मानधन आधी कंपनीच्या खात्यात. तेराव्यावर, करार संपल्यावरही २ वर्षं दुसऱ्या कुणाबरोबर जायचं झालं तर आधी ती ऑफर यांना दाखवायची. यातलं तिने काहीही वाचलेलं नव्हतं. आणि वाचलं असतं तरी रात्री साडेअकराला, उद्या सही असताना, तिने काय केलं असतं म्हणा.

कलाकार आणि मॅनेजर यांचा विषय निघाला की आपण सगळे टक्क्यांवर अडकतो, १५ की २० की २५, आणि माझ्या मते टक्के हा त्या कागदातला सगळ्यात कमी धोक्याचा आकडा असतो, कारण तो दिसतो. धोका असतो तो दोन ठिकाणी, बाहेर पडायचा दरवाजा कुठंय आणि पैसे कोणाच्या खात्यात पडतात. आणि या दोन गोष्टी कलाकाराच्या हुशारीवर किंवा मॅनेजरच्या चांगुलपणावर सोडून भागत नाही, त्या नियमाने बांधून घ्यायला पाहिजेत असं माझं म्हणणं आहे. हे म्हटलं की लगेच "सज्ञान माणसाने सही केली, आता रडायचं कशाला" असं ऐकवणारे येतात, त्यांच्याकडे येतोच.

पण आधी मॅनेजरची बाजू, कारण ती कुणी नीट मांडत नाही. मॅनेजरला व्हिलन करणं फार सोपं आहे. प्रत्यक्षात पहिली दोन-तीन वर्षं हा माणूस शून्याचे २० टक्के घेत असतो, आणि शून्याचे २० टक्के शून्यच होतात. फोन उचलायचे, आयोजकाकडून थकलेले पैसे वसूल करायचे, कलाकार ज्याला तोंडावर नाही म्हणू शकत नाही त्याला नाही म्हणायचं आणि वाईटपणा स्वतःकडे घ्यायचा, मध्यरात्री रडणं ऐकायचं, कधी स्वतःच्या खिशातून प्रवासखर्च. मग एक दिवस गाणं चालतं आणि कलाकाराच्या कानात कोणीतरी सांगतं की अरे याला कशाला एवढे पैसे देतोस, काम तर तुझ्या नावावर येतंय. गरज सरो वैद्य मरो, हे कलाकारही करतात, भरपूर करतात. कॅलिफोर्नियात तर त्याला कायद्याचीच वाट आहे. तिथे काम मिळवून द्यायचं तर टॅलेंट एजंटचं लायसन्स लागतं, आणि मॅनेजरकडे सहसा ते नसतं. म्हणजे मॅनेजरने चार ठिकाणी शब्द टाकून काम मिळवून दिलं की नंतर कलाकार म्हणू शकतो, याने बिना लायसन्स एजंटगिरी केली, करार रद्द, कमिशन नाही. एक टीव्ही अभिनेत्री आणि तिची मॅनेजमेंट कंपनी यांच्यातला असाच वाद तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००८ साली कोर्टाला सांगावं लागलं की बाबांनो, बेकायदेशीर तेवढा भाग बाजूला काढता येतो, प्रत्येक वेळी अख्खा करार फेकायलाच पाहिजे असं नाही. तेव्हा नियम हवेत म्हणताना माझ्या डोक्यात फक्त कलाकाराला वाचवणारे नियम नाहीत.

आता टक्के सोडा म्हणालो तरी त्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ती लोकांना खरंच माहीत नसते. कशाचे टक्के? समजा एका शोचे १०० मिळाले. वादक, साउंड, प्रवास, राहणं यात ६० गेले. एजंटचे १०. मॅनेजरचे २० टक्के जर वरच्या पूर्ण रकमेवर असतील, म्हणजे ग्रॉसवर, तर २० त्याचे. कलाकाराच्या हातात उरले १०. स्टेजवर घसा फोडणाऱ्याला १० आणि फोन करणाऱ्याला २०. तेच खर्च वजा जाता, म्हणजे नेटवर धरले तर मॅनेजरला ८ आणि कलाकाराला २२. करारात फरक दोन अक्षरी शब्दाचा, आणि मैत्रिणीने पिवळ्या केलेल्या त्या ओळीत नेमका तो शब्दच नव्हता, नुसतं "उत्पन्नाच्या २० टक्के" होतं. असो. हे भांडण निदान दिसणारं आहे, दोन महिन्यांनी हिशोब हातात आला की कळतं. दरवाज्याचं तसं नसतं, तो बंद आहे हे तुम्ही बाहेर पडायला जाता तेव्हाच कळतं.

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असेल, नसेल तर ऐका. १९७२ साली या पोराने माइक अॅपल नावाच्या माणसाबरोबर सह्या केल्या, त्यातली एक पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून केली असं तो स्वतःच सांगतो. अॅपल मॅनेजर, तोच निर्माता, गाण्यांचे पब्लिशिंग हक्क त्याच्याच कंपनीकडे. तीन खुर्च्या आणि एकच माणूस. अॅपल चोर होता का? नाही, उलट या पोरासाठी त्याने दारोदार फिरून लोकांचं डोकं खाल्लं, तो नसता तर मोठ्या कंपनीची दारं उघडली नसती. पण १९७५ साली स्प्रिंगस्टीन एकदम प्रसिद्ध झाला, कागद पुन्हा वाचले गेले आणि १९७६ च्या जुलैमध्ये दोघे कोर्टात. कोर्टाचा मनाईहुकूम असा की त्याला हव्या त्या निर्मात्याबरोबर स्टुडिओत जाता येईना. तडजोड झाली मे १९७७ मध्ये, पुढचा अल्बम आला १९७८ मध्ये. करिअरच्या ऐन बहरात तीन वर्षांची खोट. स्प्रिंगस्टीनकडे निदान वकिलांना द्यायला आणि मधल्या काळात शो करून टिकायला चाहते होते, एखादा नवीन मुलगा तीन वर्षं गप्प बसला तर त्याचं नाव तरी कोणाच्या लक्षात राहील? आजकाल तीन महिने व्हिडिओ टाकला नाही तर संपलं.

दरवाज्यांबद्दल सगळ्यात स्पष्ट गोष्ट दक्षिण कोरियाची. २००९ साली टीव्हीएक्सक्यू या पॉप ग्रुपमधले पाचपैकी तिघे आपल्याच कंपनीविरुद्ध कोर्टात गेले, करार १३ वर्षांचा होता. तेरा! पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं सही करतं आणि सुटतं तेव्हा तिशीला टेकलेलं असतं, म्हणजे त्या धंद्यात ज्याला तरुणपण म्हणतात ते सगळं कागदात गेलं. त्याच वर्षी तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नमुना करार काढला आणि मुदत ७ वर्षांवर आणली. कंपन्यांची ओरड होतीच की आम्ही ट्रेनिंगवर, राहण्यावर, डान्सवर इतका खर्च करतो, तो कुठून वसूल करायचा. ठीक आहे, खर्च होतो. पण नंतर काय झालं? इंडस्ट्री बुडाली नाही, उलट त्यानंतरच्या दशकात ती जगभर पसरली. फरक एवढाच पडला की सातव्या वर्षी कंपनीला कलाकारासमोर बसून पुन्हा बोलणी करावी लागतात आणि काही ग्रुप तिथेच फुटतात, तिथले चाहते त्याला सातव्या वर्षाचा शाप वगैरे म्हणतात. मला तो शाप वाटत नाही. सात वर्षांनी "राहायचं का?" असं विचारावं लागणं यात शाप कसला, ते तर नोकरीत, भाड्याच्या घरात, सगळीकडे चालतं.

आता पैसे कोणाच्या खात्यात, यावर. कवी-गायक लेनर्ड कोहेनकडे वर्षानुवर्षं एकच मॅनेजर होती, घरच्यासारखी, सगळे आर्थिक व्यवहार तिच्या हातात. हा माणूस मधली काही वर्षं झेन मठात जाऊन राहिलेला, हिशोबात त्याला रस नव्हता. २००४ च्या सुमाराला लक्षात आलं की म्हातारपणासाठी ठेवलेली जवळपास सगळी पुंजी गेलीय. कुंपणानेच शेत खाल्लेलं. कोर्टात तो जिंकला, २००६ मध्ये लाखो डॉलर्सचा निकाल त्याच्या बाजूने लागला, पण निकाल हातात असणं आणि पैसे हातात असणं यात फार अंतर असतं. २००८ मध्ये, ७३ व्या वर्षी, तो पुन्हा टूरवर निघाला. लोक म्हणतात त्यामुळे आपल्याला त्याचे ते शेवटचे सुंदर कॉन्सर्ट मिळाले. मिळाले खरे, पण त्र्याहत्तरीच्या माणसाने पुन्हा कमवायला निघावं यात आनंद मानायचा म्हणजे कमालच झाली.

आणि एल्विस प्रेस्ली, अमेरिकेचा रॉक अँड रोल स्टार. त्याचा मॅनेजर कर्नल पार्कर, जो ना खरा कर्नल होता ना त्याचं नाव पार्कर होतं, मूळचा नेदरलँड्सचा, अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहिलेला. सुरुवातीला २५ टक्के, १९६७ पासून बऱ्याच गोष्टींत ५० टक्के. १९७३ साली एल्विसच्या जुन्या रेकॉर्डिंगचे रॉयल्टीचे हक्क रेकॉर्ड कंपनीला ५४ लाख डॉलरला विकून टाकले आणि त्यातही पार्करने आपला वाटा घेतला. एल्विस गेल्यावर त्याच्या मुलीचं हित बघायला कोर्टाने एक वकील नेमला, त्याने कागद उघडले आणि तेव्हा कुठे या वाटणीवर कोणीतरी अधिकृतपणे बोट ठेवलं. वरातीमागून घोडं. पण टक्क्यांपेक्षा मला एक वेगळीच गोष्ट खटकते, जगातला एवढा मोठा स्टार आणि अमेरिका-कॅनडा सोडून त्याने एकही कॉन्सर्ट केला नाही. बाहेरून ऑफर येत होत्या. पार्करला स्वतःला देशाबाहेर पडून परत यायची भीती होती, हेच कारण असावं असं बरेच जण मानतात. म्हणजे मॅनेजरची खाजगी अडचण कलाकाराच्या आयुष्याची सीमा होऊन बसली, आणि ही अडचण कुठल्याही क्लॉजमध्ये लिहिलेली नसते.

इथे कोणी म्हणेल, तू सगळी वाईट माणसंच उचललीस. मग चांगला माणूस घेऊ. ब्रायन एप्स्टाइन, बीटल्स या ब्रिटिश बँडचा मॅनेजर, मॅनेजर कसा असावा विचारलं तर लोक त्याचं नाव सांगतात. जानेवारी १९६२ मध्ये बीटल्सने त्याच्या करारावर सह्या केल्या आणि त्याने स्वतः त्यावर सहीच केली नाही, पोरांना कधी जावंसं वाटलं तर जाता यावं म्हणून. एवढा मोठा मनाचा माणूस. त्याच माणसाच्या काळात बीटल्सच्या नावाने निघणाऱ्या वस्तूंचे हक्क असे दिले गेले की ९० टक्के समोरच्या कंपनीला आणि १० टक्के यांना, कारण तोवर असा धंदा इतक्या मोठ्या प्रमाणावर कोणी बघितलेलाच नव्हता. आणि १९६७ च्या सुरुवातीला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीबरोबर ९ वर्षांचा नवा रेकॉर्डिंग करार झाला त्यात एप्स्टाइनच्या कंपनीला २५ टक्के मिळत राहतील अशी सोय करून ठेवलेली, त्याचा मॅनेजमेंटचा करार पुढे चालू राहो न राहो. ऑगस्टमध्ये तो गेला, अवघा ३२ वर्षांचा. माणूस गेला, २५ टक्के राहिले, आणि त्या कंपनीवरून पुढे जे महाभारत झालं ते वेगळंच. यात खलनायक शोधायला गेलात तर सापडणार नाही. म्हणून मला "माणूस चांगला आहे ना, मग कागद कशाला" हा युक्तिवाद पटत नाही. चांगला माणूस आजारी पडतो, मरतो, कंपनी विकतो, त्याचा भागीदार बदलतो, आणि कागद मात्र तसाच नवीन मालकाकडे जातो. साधी गोष्ट आहे, करार जर एका माणसाच्या भरवशावर होत असेल तर तो माणूस कंपनीतून गेल्यावर कलाकारालाही जाता आलं पाहिजे, याला की मॅन क्लॉज म्हणतात, मैत्रिणीच्या १६ पानांत तो कुठेच नव्हता.

आता ते सज्ञान माणसाने सही केली वाले. सही केली तेव्हा तिची परिस्थिती काय होती ते बघा ना. अडला हरी. एका बाजूला रोज करार करणारी कंपनी, तिचा वकील, तिचाच छापील नमुना. दुसऱ्या बाजूला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी "तू मोठी होशील" म्हणालेली मुलगी, जिला भीती आहे की प्रश्न विचारला तर संधी जाईल. कायद्याच्या भाषेत दोघे समान, प्रत्यक्षात मुळीच नाहीत, आणि कोर्टांनाही हे कळतं. गिल्बर्ट ओ'सलिव्हन नावाचा गायक-गीतकार होता, १९७० मध्ये गॉर्डन मिल्स या मॅनेजरच्या कंपन्यांशी त्याने करार केले. मिल्सवर त्याचा इतका जीव की मिल्सच्या लहान मुलीवर त्याने गाणं केलं आणि ते ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. स्वतंत्र वकील वगैरे कोणी नाही, कशाला हवा, घरचाच माणूस. पुढे हिशोबावरून फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८० च्या दशकात इंग्लंडच्या कोर्टाने सांगितलं की हे करार विश्वासाच्या दबावाखाली झालेत, कलाकाराला स्वतःचा सल्लागार मिळालेला नाही, करार रद्द, हक्क परत. पण मला या निकालातला पुढचा भाग जास्त आवडतो. अपिलात कोर्टाने मान्य केलं की मिल्सने कष्ट केलेत, त्याच्यामुळे हा कलाकार उभा राहिला, तेव्हा त्या कामाचा रास्त मोबदला, त्यात थोडा नफासुद्धा, धरायला हवा. एवढं शहाणपण दोन्ही बाजूंच्या वकिलांनी पहिल्या दिवशी दाखवलं असतं तर दहा वर्षं वाचली असती.

आपल्याकडचा निकालही बघण्यासारखा आहे. क्रिकेटर झहीर खानचा एका मॅनेजमेंट कंपनीशी ३ वर्षांचा करार होता, त्यात अट अशी की मुदत संपल्यावर दुसऱ्याची ऑफर आली तर आधी यांना दाखवायची आणि यांनी तेवढेच पैसे दिले तर यांच्याकडेच राहायचं. २००६ साली सुप्रीम कोर्टाने ही अट उडवली, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ चा आधार घेऊन, की करार संपल्यावर माणसाच्या धंद्याला असं बांधून ठेवता येत नाही. म्हणजे मैत्रिणीच्या तेराव्या पानावरची ती २ वर्षांची अट कोर्टात टिकायची शक्यता कमीच. मग ती लिहितात कशाला? कारण ती कोर्टासाठी लिहिलेलीच नसते, घाबरवायला लिहिलेली असते. कलाकार वकिलाकडे जात नाही, कागद बघतो आणि गप्प बसतो. जे कलम टिकत नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत आहे ते छापण्याबद्दल काहीतरी दंड असावा असं मला मनापासून वाटतं, पण ते बहुधा माझ्या हयातीत होणार नाही.

जे होऊ शकतं ते फार मोठं नाहीये. मुदतीला वरची मर्यादा, आणि नवीन कलाकारासाठी ती सातपेक्षा बरीच कमी, माझ्या मते ३ वर्षं पुष्कळ झाली. आपोआप वाढणारा करार बंद, वाढवायचा तर पुन्हा सही. पैसे कलाकाराच्या खात्यात आणि तिथून मॅनेजरचे टक्के मॅनेजरला, उलटं नाही, आणि हे अवघड वाटत असेल तर तिसऱ्या खात्यात टाका जिथून दोघांनाही दिसेल. कलाकाराच्या नावाची चॅनेल, हँडल, पासवर्ड कलाकाराकडेच, मॅनेजरला वापरायची परवानगी, मालकी नाही, कारण आता नाव म्हणजेच दुकान आहे आणि भांडण झाल्यावर दुकानाची किल्ली समोरच्याकडे असेल तर कसला आलाय करार रद्द. सही करण्याआधी स्वतंत्र वकील, त्याची फी हवी तर कंपनीने द्यावी पण वकील कंपनीने निवडायचा नाही.

आणि मॅनेजरसाठी सनसेट क्लॉज, हा मी अजिबात सोडणार नाही. त्याने मिळवून दिलेल्या कामाचे पैसे करार संपल्यावरही येत राहतात, त्यात त्याचा वाटा असायलाच हवा, पण उतरता, पहिल्या वर्षी पूर्ण, मग अर्धा, मग त्याच्या अर्धा, आणि मग शून्य. सूर्य मावळतो तसा. हे असेल तर मॅनेजरला पाच-दहा वर्षांची बेडी घालावीशी वाटायचं मुख्य कारणच जातं, कारण ती बेडी बहुतेक वेळा लोभातून येत नाही, भीतीतून येते, की मी झाड लावलं आणि फळं दुसरा काढेल. ती भीती खरी आहे. तिच्यावर उतारा द्या आणि मग दरवाजा उघडा ठेवा. लहान मॅनेजर म्हणतील एवढे नियम पाळायला आम्हाला परवडत नाही. पण यातल्या बहुतेक गोष्टींना खर्च नाहीच, फक्त कागदावरच्या ओळी बदलायच्या आहेत. वकिलाच्या फीचा प्रश्न खरा आहे, तिथे कलाकारांच्या संघटनांनी एखादा सोपा नमुना करार आणि ठरलेल्या फीमध्ये वाचून देणारे चार वकील एवढं जरी केलं तरी बरंच काम होईल.

तर ती मैत्रीण. मी तिला रात्रीच फोन केला, म्हटलं, अगं उद्या सही नको करूस, ताप आलाय सांग. तिने खरंच ताप आलाय सांगितलं. मग एका ओळखीच्या वकिलाने दोन तासांत १६ पानांवर लाल खुणा केल्या आणि तिने ती तशीच परत पाठवली, हात थरथरत होते म्हणाली. दोन दिवस समोरून काहीच उत्तर नाही. ते दोन दिवस ती माझ्याशीही नीट बोलत नव्हती, तिला वाटलं माझ्यामुळे संधी गेली. तिसऱ्या दिवशी कंपनीतल्या त्या मॅनेजरचा स्वतःचा फोन आला. ५ चे ३ वर्षं मान्य, आपोआप वाढ काढली, खातं तिचं, तेरावं पान अख्खं गेलं, आणि तो कंपनी सोडून गेला तर तिलाही जाता येईल हे त्यानेच हसत हसत घालायला सांगितलं. एकाच गोष्टीवर तो हटून बसला, २० टक्क्यांच्या खाली येणार नाही म्हणाला. तिने मला विचारलं काय करू. मी म्हटलं ग्रॉस का नेट तेवढं विचार. नेट होतं. तिने सही केली.